आढ्याचं जेवण

कुसेला खाडी, १९ ऑक्टोबर २०११

सिग्ने,

तुझ्या वकिलाचं पत्र मिळालं. मी तुला फोन करू नये, तुझ्या दारात येऊ नये, टूसॉनला तुझ्या मुलीकडे निरोप ठेवू नये, असं त्यात आहे. पत्र लिहू नये असं कुठेही नाही. मी नीट वाचून पाहिलं. तेव्हा लिहिते आहे.

काल निकाल लागला. तू नव्हतीस, म्हणून सांगते. रेइनोने तुझ्या घरावर चढवलेला बोजा रद्द झाला. त्याचा करार तुझ्याशी नव्हता, ठेकेदार ल्यूटनशी होता. अशा माणसाने काम सुरू केल्यावर ठरलेल्या मुदतीत मालकाला नोटीस द्यायची असते: बाई, तुझ्या घरावर मीही राबतो आहे, ठेकेदाराला पैसे मोजताना माझं लक्षात ठेव. तशी नोटीस तुला मिळाल्याचं सिद्ध झालं नाही. तू ल्यूटनला सगळे पैसे देऊन टाकले होतेस. ल्यूटनने दिवाळं काढलं. त्यामुळे तुझं घर माझ्या भावाला एक डॉलरही देणं लागत नाही. कायदा असाच आहे आणि कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. जन्मभर मी या गावातल्या पोरांना तो शिकवला.

तक्रार तुझ्याबद्दल आहे. "मला रेइनो कांगासकडून कसलीही नोटीस मिळाली नाही," असं तू शपथेवर लिहून दिलंस. ती नोटीस मी स्वतः टाइप केली होती. रेइनो तुझ्याकडे आधी सौनाची, वाफेच्या न्हाणीची, चूल बांधायला आला त्याच आठवड्यात. पाकिटावर तुझं नाव मी घातलं, तेही तुझ्या माहेरच्या आडनावासकट, म्हणजे घोटाळा नको. पोचपावतीने टाक असं सांगून रेइनोच्या हातात दिली. त्याच्या प्रत्येक कामाची पोचपावती माझ्याकडे आहे. एका तुझ्याच कामाची नाही. पोस्टाकडून पाकीट गहाळ होऊ शकतं, हे मला मान्य आहे. पण ते नेमकं तुझंच गहाळ व्हावं, हे मला मान्य नाही.

तुझ्या वकिलाने रेइनोला उभं केलं.

"नोटीस तुम्ही पोस्टात टाकली?"

"बहिणीने दिली होती."

"ते मी विचारलं नाही. टाकली का?"

रेइनो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "तिला ठाऊक होतं की मी काम करतोय. तिच्या आढ्याच्या जेवणाला मी होतो."

न्यायाधीश डेट्रॉइटकडचे. त्यांनी विचारलं, "आढ्याचं जेवण म्हणजे काय?"

"घराचं आढं चढलं की मालकाने कामकऱ्यांना जेवू घालायचं. मालकीण स्वतः वाढते. ज्याला वाढलं, त्याला ती ओळखते."

"मिस्टर कांगास, माहीत असणं म्हणजे नोटीस मिळणं नव्हे," न्यायाधीश म्हणाले. बाकांवर कुणीतरी हसलं. रेइनोही थोडा हसला. हसताना त्याला खोकला लागला आणि पाणी आणेपर्यंत सगळे थांबले.

तुझ्या घरातल्या मोठ्या चुलीचा शंखजिऱ्याचा दगड फिनलंडहून आला. पैसे आधी भरल्याशिवाय ते दगड जहाजावर चढवत नाहीत. त्यासाठी रेइनोने कारखाना आणि त्याच्या वरचं आमचं घर बँकेकडे गहाण टाकलं. ल्यूटन एका महिन्यात पैसे देणार होता. आता बँक वाट बघते आहे, आणि ती किती दिवस बघेल ते सांगत नाही.

तू ती नोटीस घेतलीस, आणि नाही म्हणालीस. आपण एका बाकावर बसून शिकलो आहोत. तू खोटं बोलताना कुठे बघतेस हे मला माहीत आहे, म्हणूनच तू कोर्टात आली नाहीस.

लेम्पी कांगास


कुसेला खाडी, २२ जानेवारी २०१२

सिग्ने,

तू मला उत्तर दिलं नाहीस, रेइनोला मात्र कार्ड पाठवलंस. त्यावर निवडुंग आहे आणि मागे 'इथे फार ऊन असतं' एवढंच लिहिलेलं आहे. ते त्याने फ्रिजवर लावलं. मी काढलं. त्याने परत लावलं. आता ते तिथेच आहे; मी दूध काढताना डोळे खाली ठेवते.

मी लिहिते आहे ते वेगळ्या कारणाने. बुधवारी तो सकाळी दिसेना. बर्फ ओढायचं फावडं जागेवर नव्हतं. दुपारी मी ट्रक काढून किनाऱ्याच्या रस्त्याने निघाले तर हा तुझ्या छपरावर. अर्ध्या छपराचं बर्फ खाली लोटलेलं, आणि हा धुराड्याला पाठ टेकून बसलेला. तोंड निळं.

"उतर," मी म्हटलं.

"अर्धं राहिलंय."

"तिने तुला कोर्टात बुडवलं आणि तू तिचं छप्पर साफ करतोस?"

"छप्पर तिचं आहे. खाली चूल माझी आहे. हे बर्फ आत आलं तर तिच्यावर पडेल."

"चूलही तिचीच आहे, तुला पैसे मिळोत न मिळोत! न्यायाधीशांनी सांगितलं ना?"

"न्यायाधीशांनी ती बघितलेली नाही," तो म्हणाला.

शिडी मी धरली. तो उतरला. घरी आल्यावर रुमाल स्वतः धुवायला घेतला, म्हणून मी हिसकावून पाहिला. नको होतं पाहायला.

मार्क्वेटच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आहे. चाळीस वर्षांची दगडाची धूळ. तिने फुप्फुसात भिंत बांधली आहे, असं डॉक्टर म्हणाले. "भिंत ओळंब्यात आहे का?" असं रेइनोने त्यांना विचारलं. डॉक्टर तरुण आहेत, त्यांना कळलं नाही.

उरलेलं अर्धं छप्पर साफ करायला तू कुणाला तरी पैसे दे. तो परत जाणार नाही. फावडं मी कुलपात ठेवलं आहे आणि किल्ली माझ्या खिशात आहे.

लेम्पी


कुसेला खाडी, ११ मार्च २०१२

सिग्ने,

हे पत्र पूर्ण वाच. आधीच्या दोन पत्रांपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

काल शनिवार, सौनाचा दिवस. रेइनो आता वरच्या फळीवर बसत नाही, वाफ सोसत नाही. लहानपणी बसायचो तसा खालच्या फळीवर बसून लगेच बाहेर येतो. मी ताक घेऊन गेले तर कपडे बदलायच्या खोलीत टॉवेल गुंडाळून बसलेला. मला म्हणाला, "मास्तरीणबाई, बसा." तो असं म्हणतो तेव्हा काहीतरी मोडलेलं असतं. मी बसले.

"ती नोटीस मी पोस्टात टाकलीच नाही."

मी विचारलं, "मग कुठे गेली?"

"जळाली."

मग त्याने सांगितलं ते इथे लिहिते. तुला ते ठाऊकच आहे. पण मलाही आता ठाऊक आहे, हे तुला कळावं.

पाकीट घेऊन तो पोस्टापर्यंत गेला होता. दारातून परत फिरला. दोन दिवसांनी तुझं आढ्याचं जेवण होतं. ज्या बाईच्या हातचं जेवायचं तिला पोस्टमनकरवी कागद द्यायचा आणि तिची सही घ्यायची, हे त्याला जमेना. हातात देऊ, असं त्याने ठरवलं. आमच्या वडिलांनीही कधी कुणाला नोटीस दिली नाही. त्यांच्या वेळी ठेकेदार याच गावचा असायचा, रविवारी चर्चमध्ये समोरच्या बाकावर सापडायचा. ल्यूटन कुठल्या बाकावर बसतो हे कुणालाच माहीत नव्हतं. रेइनोने एवढाच विचार करायचा होता.

तर तू माशाच्या रश्श्याचं भांडं घेऊन टेबलाच्या टोकाला उभी होतीस. त्याने टोपी काढली आणि पाकीट दिलं. तू फोडलंस. निम्मं वाचलंस.

"रेइनो! हे काय रे? मी तुला वाढतेय आणि तू मला सरकारी कागद देतोस? आपण काय परके आहोत?" आणि मग म्हणालीस, "हे लेम्पीचं काम ना?"

जेवायला बसलेला आर्वो पेल्टो म्हणाला, "लेम्पी मेल्यावर देवाकडेही पोचपावती मागेल."

टेबलावरचे सगळे हसले. तू कागद दोन बोटांत धरून त्याच्यासमोर केलास. ओला मोजा धरावा तसा, हे त्याचे शब्द. तेवढ्यात सौना पहिल्यांदा पेटवायची वेळ झाली होती. चूल त्याची, पहिला जाळ त्याचाच. त्याने तुझ्या हातातून कागद घेतला, बर्चच्या सालीखाली सारला आणि काडी लावली. "चला, मास्तरीणबाईंचा कागद कामी आला," असं म्हणाला. टाळ्या पडल्या.

मी तेव्हा मागच्या तंबूत वेलदोड्याचा नीसू पाव कापत होते. टाळ्या मला ऐकू आल्या. पहिल्या जाळाच्या टाळ्या, असं समजून मीही वाजवल्या. हातात सुरी होती.

आता कामाचं. मी वकिलाला विचारलं. नोटीस पोस्टानेच जायला हवी असं नाही, हातात दिलेलीही चालते. तू ती हातात घेतलीस, फोडलीस, वाचलीस. त्या क्षणी ती तुला मिळाली. नंतर ती जळो की उडून जावो. मुदतीतही होती. निकालाला वर्ष व्हायच्या आत असा पुरावा पुढे आला तर न्यायाधीश खटला पुन्हा ऐकू शकतात. खटला पुन्हा उघडतो आहे असं दिसलं तर मेअखेरपर्यंत थांबू, असं बँकेनेही सांगितलं आहे.

पण तो पुरावा म्हणजे तू. आर्वो नाताळात गेला. त्या टेबलावरचे साल्मेला बंधू म्हणतात, आम्ही दुपारपासून पीत होतो, कसला कागद? ल्यूटनचे सुतार कुठे पांगले कोण जाणे. रेइनोचा एकट्याचा शब्द चालणार नाही, कारण विचारलं तेव्हा तो खिडकीबाहेर बघत बसला. का बोलला नाहीस, असं मी त्याला विचारलं.

"काय बोलू? तिने लिहून दिलं होतं, मिळाली नाही. मी मिळाली म्हटलं असतं तर ती खोटी पडली असती."

"ती खोटीच आहे!"

"तिने हातात धरली तेवढ्याला ती मिळणं म्हणत नसेल. मीच तर परत घेतली."

बघ, तुझी बाजू तुझ्या वकिलापेक्षा तो चांगली मांडतो.

मीही एक दुरुस्ती करून कोर्टाकडे पाठवली आहे. मी शपथेवर 'नोटीस पाठवली' असं लिहिलं होतं. मी ती पाठवली नव्हती, पाठवायला दिली होती. दुरुस्तीमुळे आमचा दावा आणखी लंगडा झाला, असं वकील म्हणतो. होऊ दे.

तुझ्याकडून मला एक वाक्य हवं आहे. 'रेइनो कांगासने मला नोटीस हातात दिली, मी ती वाचली आणि परत केली.' टूसॉनमध्ये कुठल्याही नोटरीसमोर सही कर. मी तुला खोटं लिहायला सांगत नाही. घर तुझ्याकडून जाणार नाही. तुझ्याकडे द्यायला आहे, आणि हे आपल्या दोघींना माहीत आहे.

रेइनोला या पत्राचं माहीत नाही. तुला लिहायला त्याने बंदी घातली आहे. त्याच्या शब्दाबाहेर मी फारशी कधी गेले नाही, कारण तो फारसं कधी काही सांगतच नाही.

लेम्पी


कुसेला खाडी, ३० मे २०१२

सिग्ने,

उद्या महिना संपतो.

तुझ्याकडून काही आलं नाही. पोस्टातल्या बाईला मी रोज विचारते. ती आता मी आत शिरताच मान हलवते.

लेम्पी


कुसेला खाडी, २४ जून २०१२

सिग्ने,

शुक्रवारी लिलाव झाला. बातमी तुला इतरांकडून कळेलच, पण इतर लोक वाढवून सांगतात.

गावातले बरेच लोक आले होते. बायकांनी किटली आणली, पाव आणले. कारखान्याच्या दारात कॉफी पिताना सगळे हवेबद्दल बोलत होते. बोली कुणी लावली नाही. ती त्यांनी आमच्या मानासाठी लावली नाही, हे मला समजतं. पण त्यामुळे भाव पडला. बाहेरून आलेल्या एका माणसाने सगळंच्या सगळं स्वस्तात घेतलं. हिवाळ्यात शिकाऱ्यांच्या बर्फगाड्या ठेवायला जागा करणार आहे. दगड कापायची मोठी करवत त्याला नको होती, ती भंगारवाल्याने उचलली. वडिलांनी ती हँकॉकच्या बंद पडलेल्या खाणीतून आणली होती. ट्रकमध्ये मावेना, म्हणून पातं तिथेच कापून दोन तुकडे केले. तेवढा वेळ रेइनो आत जाऊन बसला होता. प्राणवायूची नळी आता नाकात कायम असते. आवाज त्यालाही येत होता.

नंतर त्या माणसाने त्याला विचारलं, "हा कोपऱ्यातला चिखल कसला? फेकून देऊ?"

"चिखल नाही तो," रेइनो म्हणाला. "चुलीच्या सांध्याची माती आहे. मुरत ठेवलीये. दोन वर्षांनी चांगली होईल."

माणूस म्हणाला, "दोन वर्षं मी ठेवू?"

"नको," रेइनो म्हणाला. "फेका."

आम्ही आता वृद्धांच्या चाळीत दोन खोल्या घेतल्या आहेत. विजेचा हीटर आहे. रेइनो त्याच्यासमोर बसतो आणि म्हणतो, याची ऊब पाठीपर्यंतही जात नाही.

तुझ्यावर आता माझा राग नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. तुझ्या मनात काय चाललं होतं याचा मी पुष्कळ विचार केला. तुला वकिलाने आणि मुलीने सांगितलं असेल की गप्प बस. तू आधी शपथेवर एक लिहून बसली होतीस, मग दुसरं कसं लिहिणार. मला ते समजतं. आमच्या वर्गातही पोरं एकदा 'मी नाही' म्हणाली की मरेपर्यंत 'मी नाही'. मी त्यांना शाळा सुटेपर्यंत उभं करत असे. तुला उभं करायला माझ्याकडे कुठली भिंत नाही.

निवडुंगाचं कार्ड आमच्याबरोबर आलं. नव्या फ्रिजवर आहे.

लेम्पी


कुसेला खाडी, १८ नोव्हेंबर २०१२

सिग्ने,

तुझं रजिस्टर्ड पाकीट शुक्रवारी मिळालं. पोस्टातली बाई स्वतः घेऊन आली आणि पोचपावतीचं हिरवं कार्ड पुढे केलं. मी सही केली, तारीख घातली. ते कार्ड तुला परत येईल. जपून ठेव. मला तुझं म्हणणं मिळालं नाही, असं मी कधीही म्हणू शकणार नाही.

तुझं प्रतिज्ञापत्र वाचलं. चांगलं लिहिलं आहेस. सगळं आलं आहे: टोपी, रश्श्याचं भांडं, तू काय बोललीस, कागद कुणी कुठे घातला. 'मी ती नोटीस हातात घेतली आणि वाचली' हे वाक्य तू स्वतः अधोरेखित केलं आहेस. मी ते वकिलाकडे नेलं. त्याने चष्मा लावून वाचलं. "गेल्या महिन्यापर्यंत हे फार मोलाचं होतं," म्हणाला. ऑक्टोबरमध्ये निकालाला वर्ष झालं. मुदत संपली. 'पण हे खरं आहे' असं मी म्हटलं नाही. कायदा मला समजतो.

रेइनो तेवीस सप्टेंबरला गेला. तुला कळवायचं राहून गेलं असं नाही, मी कळवलं नाही. सकाळची वेळ होती, मी कॉफी गाळत होते. दफनाला लोक खूप आले. प्रत्येकाच्या घरात त्याची एक तरी चूल आहे. पाद्रीबुवांनी ऊब या विषयावर बोलायचा प्रयत्न केला. जेवण मी दिलं. मी स्वतः वाढलं.

तुझ्या पाकिटात चेकही होता. तो या पत्रासोबत परत पाठवते आहे. वर्षापूर्वी तो आमच्या हक्काचा असता आणि मी तो रांगेत उभी राहून वटवला असता. आता त्यातून सोडवायचं असं काही उरलेलं नाही. भांडण म्हणून परत करत नाही. कुठे ठेवायचा ते मला कळत नाही, इतकंच.

शेवटी तू विचारलं आहेस: हा हिवाळा तू किनाऱ्यावरच्या घरी काढणार आहेस, घरातली मोठी चूल बांधल्यापासून कधी पेटलेलीच नाही, आणि ती पहिल्यांदा कोण पेटवणार?

ज्याने बांधली तोच पेटवतो, असा आमचा रिवाज होता, तो संपला. माझ्या येण्याचा प्रश्न नाही. पण नुसती काडी लावून भडका केलास तर दगड तडकेल, आणि त्या दगडासाठी आमचं घर गेलं आहे. त्याने मला ऑगस्टमध्ये सगळं सांगून ठेवलं. मी विचारलं नव्हतं. तू परत येशील, असं तो धरून चालला होता. त्याच्याच शब्दांत देते.

वरची झडप पूर्ण उघड. आठवडाभर रोज एकदाच पेटव, आणि जाळ लहान ठेव, टोपीत मावतील एवढ्याच काटक्या. दगडाला हात लावून बघ. घाम फुटलेला दिसेल. घाबरू नकोस, दोन वर्षांचं पाणी आहे, ते निघायला हवं. घाम थांबला की मग बर्चचे ओंडके. मोठा जाळ एकदाच, सकाळी, आणि निखारे विझले की झडप बंद. रात्रीपर्यंत ती ऊब धरते. तिला पाठ लावून बस.

पेटवायला फक्त बर्चची साल वापर. कागद घालू नकोस. कागदाची राख हलकी असते, वर चढते आणि धुराड्याच्या वळणावर बसून राहते. तिथे हात पोचत नाही. हे त्याने मला दोनदा सांगितलं.

लेम्पी